गार इंजिन

वेन्ला, नऊचं ठरलं असेल तर आठला जा.
हात मिळवण्याआधी
बॉनेटवर तळहात ठेव.
गार असेल तर पुढचं बोलणं.
कोमट असेल, तर पहाटे उठून कुणीतरी
तिचा खोकला काढून टाकलाय.
गार इंजिनाला खोटं बोलायला
तेवढा वेळच मिळत नाही.

लाल रंगाकडे बघू नकोस.
बघशीलच.
म्हणून आधी बघून घे, पोटभर,
दोन मिनिटं, घड्याळ लावून.
मग गुडघ्यांवर बस.

राहेच्या रस्त्यांवर पाच महिने मीठ पडतं.
माणसं खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे;
इथं मीठच लोखंड खातं, आणि कुणाला जागत नाही.
दारांखालची पट्टी पेचकसाच्या मुठीनं ठोक:
टण्ण, म्हणजे पत्रा.
धब्ब, म्हणजे लांबी भरून वर रंग,
वरून कीर्तन, आतून तमाशा.
माझ्या फ्रिजवरचं लोहचुंबक ने,
ते रेनडिअरवालं, एक शिंग तुटलेलं.
चिकटेल तिथं काही नाही.
घसरेल तिथं एक गोष्ट आहे, आणि मालक ती सांगणार नाही.

तेलाचं झाकण उघड. आत साय धरली असेल
तर झाकण लाव, आभार मान, बस पकड.

टायर चारही एका घरचे हवेत.
चार घरचे चार असले
तर पैसे संपत आलेल्या माणसानं
गाडी मात्र संपू दिली नाही, एवढंच कळतं.
त्याची कीव कर. गाडी घेऊ नकोस.

रात्री अकराला पुन्हा जा.
जूनमध्ये तेव्हा सूर्य समुद्रावर आडवा पडलेला असतो,
त्या तिरक्या उजेडात पत्र्यावरचा
एकेक जुना धक्का वर येतो,
दुपारी जो कुणालाच दिसत नाही.

आता सर्व्हिसचं पुस्तक.
दहा वर्षं, पाच गॅरेजं, आणि शाई एकच?
मला कसं माहीत, ते विचारू नकोस.

बरं, ऐक.
त्र्याण्णव साल, मंदी, केमीचं गॅरेज,
भाडं तीन महिन्यांचं थकलेलं.
एका रात्रीत मी सात वर्षं लिहिली, निळ्या पेननं.
मध्ये एकदा काळं घ्यायला हवं होतं,
सुचलं नाही.
घेणारा शाळामास्तर होता, आर्वो नावाचा,
त्यानं पुस्तक उघडलंच नाही,
तो लाल रंग बघत होता.
ऑगस्टमध्ये गाडी बसली.
तो भांडायला आला नाही.
आला असता तर बरं झालं असतं.

तर, पानं नीट उलट.
विमा आधी विचार, तुझ्या वयाला तो गाडीहून महाग पडेल.
चालवताना रेडिओ बंद कर,
तिसऱ्या गिअरला काही किरकिरलं
तर मालक बोलायला लागेल. तू बोलू नकोस.

रायली ओयाला कॉफी देईल,
वेलदोड्याचा पावही देईल. खा.
दुसरा कप घे.
ती सांगेल, गाडी यांची होती,
मला कुठं चालवता येते.
तेव्हा मान हलव, आणि बाहेर येऊन
शेजारची सीट बघ.

ड्रायव्हरची सगळीकडेच घासलेली असते.
पण शेजारचीही तेवढीच घासली असेल,
कातड्याला तसाच खळगा, तशाच सुरकुत्या,
आणि आरशाच्या कप्प्यात
वाळलेल्या आंबट गोळ्यांचा कागद,
तर ही गाडी एकटी फिरलेली नाही.
हे तपासणीच्या कुठल्याच फॉर्मवर नसतं.

मग पाचशे कमी मागायचे म्हणून मागू नकोस.
अडीचशे माग.

आणि पावती घे.
तिच्या हाताची.